सिस्टरच्या मागे उभ्या रमाबाई

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यात माझं पिशवीचं ऑपरेशन झालं. जळगावलाच झालं आणि छान झालं, त्यामुळे त्याचं रडगाणं मी इथं गाणार नाही. आपल्यातल्या कितीतरी जणी त्यातून गेलेल्या आहेत. पण त्या दिवशी आतमध्ये जे पाहिलं आणि ऐकलं, ते तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

आत नेण्याआधी एका सिस्टरनं माझ्या हातातल्या बांगड्या काढल्या. दोन निघेनात, तर साबण लावून काढल्या. मंगळसूत्र, जोडवी, कानातलं सगळं मोजून पुडीत बांधलं आणि आमच्या ह्यांची सही घेऊन त्यांच्या हातात दिलं. मग नेलपॉलिश पुसायला बसली. मला वाटलं, इथं जीव टांगणीला लागलाय आणि हिला माझ्या नखांची काय पडलीय! तिनं समजावून सांगितलं, की बोटाला जी चिमटी लावतात ती रक्तातला प्राणवायू मोजते, नखावर रंग असला तर तिचा आकडा चुकू शकतो. मग नाव, वय, ऑपरेशन कशाचं, शेवटचं कधी खाल्लं-प्यायलं, कुठल्या औषधानं अंगावर पित्त उठतं का, सगळं विचारलं. कागदावर लिहिलेलं होतंच, तरी माझ्या तोंडून वदवून घेतलं. आत गेल्यावर दुसऱ्या सिस्टरनं पुन्हा तेच विचारलं. मी मनात म्हटलं, ह्यांचा एकमेकींवर विश्वास नाही की काय.

कमरेत इंजेक्शन देऊन भूल दिली होती, म्हणजे मी जागी होते. समोर हिरवा पडदा. दिसत काही नव्हतं, पण कान उघडे होते. सुरुवातीलाच मला मोजण्याचा आवाज आला. दोघी जणी एकमेकींना ऐकू जाईल असं मोजत होत्या, जशा आपण लग्नघरी पोळ्या मोजतो. एक सिस्टर हातमोजे घालून टेबलाशी, दुसरी बाहेरून फळ्यावर लिहिणारी. तासाभरानं पुन्हा मोजणं सुरू झालं. आणि या वेळी मोजणं मध्येच थांबलं. पुन्हा पहिल्यापासून झालं. पुन्हा थांबलं. एक मॉप, म्हणजे रक्त टिपायची ती जाड कापडी घडी, कमी भरत होती.

आमचे डॉक्टर जिल्ह्यात नावाजलेले. ते वॉर्डात आले की नातेवाईक खुर्चीवरून उठून उभे राहतात. पण त्या दिवशी तिशीच्या आतबाहेरची ती मुलगी त्यांना शांतपणे सांगत होती, की हिशेब जुळत नाही, टाके घालू नका. आणि डॉक्टर थांबले! ना रागावले, ना घाई केली. बाहेरची सिस्टर खाली वाकून बादलीत शोधत होती. दोन मिनिटं असतील, मला दोन तास वाटले. भिजलेले दोन मॉप एकमेकांना चिकटून एकच झाले होते, ते सापडले. मोज जुळली. मग टाके पडले आणि शेवटी तिसऱ्यांदा मोजलं गेलं.

दवाखान्यात पडल्या पडल्या वाचायला मी माहेरून एक जुनं पुस्तक आणलं होतं. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यांतील कांही आठवणी’. १९१० साली निघालेलं पुस्तक. माझं माहेर धुळ्याचं आणि पुस्तकात धुळं येतं म्हणून वडिलांनी ते जपून ठेवलेलं. आता तुम्ही म्हणाल, कुठं ऑपरेशन थिएटर आणि कुठं न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी. पण त्या तीन दिवसांत मला पक्कं कळलं, की डॉक्टरला थांबवणारी ती मुलगी आणि रमाबाई यांचं नातं आहे, आणि ते जवळचं आहे.

रमाबाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर २०१२ साली टीव्हीवर लागलेली ‘उंच माझा झोका’ येते. नऊवारीतली ती गोड छोटी रमा. मालिका मलाही आवडायची. पण आपल्या मनात रमा छोटीच राहिली आणि नंतरच्या रमाबाई राहूनच गेल्या, असं मला वाटतं.

सांगली जिल्ह्यातलं देवराष्ट्रे हे त्यांचं गाव, माहेरचं नाव कुर्लेकर. घरात मुलींनी अक्षर गिरवायचं नाही असा शिरस्ता. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा बत्तिशीच्या घरातला, बिजवर, आणि केवढा मोठा विद्वान! माधवराव रानडे सुधारक म्हणून गाजलेले. पहिली पत्नी गेल्यावर ते विधवेशी लग्न करतील अशी सगळ्यांची अपेक्षा, पण वडिलांपुढे त्यांचं चाललं नाही. लोकांनी त्यांना नावं ठेवली. मला विचाराल तर ती ठेवायलाच हवी होती. पण त्या अकरा वर्षांच्या मुलीचा त्यात काय दोष? तिला तर लिहिता-वाचताही येत नव्हतं. माधवरावांनी लग्नानंतर लगेच तिला शिकवायला घेतलं.

पुण्याच्या घरात बायकांचा मोठा राबता. सासू, नणंदा, नात्यातल्या आणखी कोणी कोणी. सून नवऱ्यापाशी बसून वाचते हे त्यांना बघवेना. टोमणे, अबोला, कामात खोड्या काढणं, सगळं झालं. पुढं इंग्रजी शिकवायला मिशनच्या बाई घरी येऊ लागल्या, तेव्हा त्यांना शिवल्याबद्दल रमाबाईंना धडा संपला की आंघोळ करावी लागे, तेव्हाच घरात वावरता येई. आपल्याकडच्या सुना याला हसतील. पण सासूबाईंच्या डोळ्यांदेखत पुस्तक उघडणं आजही किती घरांत अवघड आहे, हे बचत गटाच्या निमित्तानं मी गावोगाव बघते.

आता धुळं. १८७९ च्या मे महिन्यात पुण्यात आगी लागल्या, त्यात बुधवारवाडा जळाला. वासुदेव बळवंत फडक्यांचं बंड तेव्हा भरात होतं. सरकारला पुण्यातल्या पुढाऱ्यांचा संशय आला आणि रानडे तर त्यांच्या मनातून आधीच उतरलेले. नाशिकला असलेल्या रानड्यांना तातडीनं धुळ्याला हलवलं. त्या वेळी सगळा खान्देश एकच जिल्हा होता, धुळं त्याचं मुख्य ठाणं. पूर्व आणि पश्चिम खान्देश ही वाटणी १९०६ सालची. धुळ्याला तेव्हा रेल्वेही नव्हती. सरकारच्या मते पुण्यापासून पुरेसं लांब, लक्ष ठेवायला सोयीचं. घरी येणारी पत्रं आधी फोडून वाचली जायची. बंडखोरांच्या नावानं खोटी पत्रंसुद्धा येत, ती रानडे जशीच्या तशी पोलिसांकडे पाठवून देत. पुढं एका इंग्रज अधिकाऱ्यानंच त्यांना सांगितलं की आता तुमच्यावरचा संशय फिटला.

या सगळ्यात रमाबाई सतरा-अठरा वर्षांच्या. पुस्तकातला हा भाग वाचताना मी थबकले. माहेरच्या गल्लीतून मी शाळेत जायचे, त्याच गावात कुठं तरी एक तरुण सून पाळतीखालच्या घरात राहत होती आणि अभ्यास करत होती. नाशिक-धुळ्याच्या या बदल्यांनी तिचं एक भलं केलं. पुण्याचा तो बायकांचा पहारा इथं नव्हता. दोघांचंच बिऱ्हाड. वाचन मोकळेपणानं चाले. घरखर्चाचे पैसे आणि त्यांचा हिशेब माधवरावांनी तिच्यावर सोपवला होता. नाशिकच्या शाळेतल्या समारंभात ती पहिल्यांदा चार लोकांसमोर बोलली, भाषण अर्थात माधवरावांनीच लिहून दिलेलं. आमच्या मंडळात नव्या बायकांना आम्ही आधी कॅशबुक लिहायला देतो आणि मग माईक देतो. रमाबाईंचंही तसंच झालं, हे वाचून मला गंमत वाटली.

पुढची वर्षं मी भरभर सांगते. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाज निघाला, त्यात या रमाबाई जाऊ लागल्या. घरच्या बायकांनी पुन्हा डोकं वर काढलं. हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, तिच्या उभारणीत त्या होत्या. रानडे हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाल्यावर १८९३ पासून मुंबईला बिऱ्हाड आलं. तिथं त्यांनी बायकांचा क्लब काढला, शिवणकाम, भाषा, सामान्य ज्ञान असे वर्ग चालवले. आणि १६ जानेवारी १९०१ रोजी माधवराव गेले.

रमाबाई अजून चाळिशीच्या आत. मूलबाळ नाही. मुंबईचं घर आवरून त्या पुण्याला आल्या आणि वर्षभर जवळजवळ कोंडून घेतल्यासारख्या राहिल्या. मला हा भाग फार खरा वाटतो. ज्यानं हात धरून अक्षरं शिकवली, भाषणं लिहून दिली, तो माणूस गेल्यावर बाईनं पुढं काय करायचं? नवऱ्याच्या सावलीत मोठ्या झालेल्या कितीतरी बायका तिथंच संपतात. नवऱ्याची तसबीर पुसत आयुष्य काढतात. त्या बाहेर पडल्या, पण भाषणांनी सुरुवात नाही केली. येरवड्याच्या तुरुंगात बायकांना भेटायला जाऊ लागल्या. आणि दवाखान्यांत रोग्यांना भेटायला, फळं, फुलं, पुस्तकं घेऊन.

दवाखान्यात त्यांना काय दिसलं असेल, याचा मी माझ्या खाटेवर पडून विचार करत होते. त्या काळच्या मोठ्या इस्पितळात परिचारिका म्हणजे बहुतेक गोऱ्या, अँग्लो-इंडियन नाहीतर ख्रिस्ती झालेल्या मुली. आपल्या घरांतली बाई तिथं रोगी म्हणूनसुद्धा जायला तयार नसे. परक्या हातचं पाणी, परक्या भाषेतल्या सूचना, पुरुष डॉक्टर. बाळंतपणं घरात, अंधाऱ्या खोलीत. बाई मेली तर नशीब. बायकांनी दवाखान्यात यावं असं वाटत असेल तर तिथं त्यांच्यातलीच कोणी तरी हवी. आणि तिकडं वाड्यावाड्यांतून तरुण विधवा स्वयंपाकघरात धुरात बसलेल्या, दोन वेळच्या जेवणावर भावजयीची बोलणी खात. ही दोन दुःखं एकमेकांना लागूनच होती. ती जोडायची कोणाला सुचली नव्हती, किंवा सुचली तरी तोंडून काढायची छाती नव्हती.

१९०८ साली मुंबईत बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी सेवासदन काढलं, त्याचं अध्यक्षपद रमाबाईंकडे आलं. दुसऱ्याच वर्षी, १९०९ साली, पुण्यात सेवासदन सुरू झालं. सोबतीला भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर. मास्तरीण होण्याचं शिक्षण, शिवण, विणकाम, संगीत, प्रथमोपचार असे वर्ग वाढत गेले. त्याला फारसं कोणी आडवं आलं नाही. शिवणाला कोण नाही म्हणतं? पण ससून इस्पितळात नर्सिंग शिकायला बायका पाठवायच्या असं ठरलं, तेव्हा पुण्याच्या भुवया वर गेल्या.

का, ते आपल्याला कोणी समजावून सांगायची गरज नाही. आजही तीच कारणं आहेत. रात्रीची ड्युटी. परक्या पुरुषाच्या अंगाला हात. रक्त, पू, मलमूत्र. त्यात तेव्हाचं सोवळं-ओवळं, जातीपातीची शिवाशिव. ब्राह्मण विधवेनं भलत्याच जातीच्या रोग्याची घाण काढायची, ही कल्पनाच घरच्यांना सहन होणारी नव्हती. रमाबाईंनी ह्यावर काय केलं, तर आधी राहायची सोय केली. शिकणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह, त्यांच्या जेवणाखाणाची आणि जाण्यायेण्याची शिस्त, आणि वर रमाबाईंचं स्वतःचं नाव. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नीच्या देखरेखीखाली आपली मुलगी आहे, एवढं म्हटलं की बापाला चारचौघांत मान खाली घालावी लागत नसे. मला यातला व्यवहार फार आवडतो. बाईंनी समाजाला उपदेश करत बसण्याऐवजी आपली अब्रू त्या मुलींना उसनी दिली.

नर्सेस झाल्या, सुइणी झाल्या, काही जणी सब-असिस्टंट सर्जनचं, म्हणजे डॉक्टरकीचंही शिक्षण घेऊ लागल्या. आळंदीच्या यात्रेत सेवासदनच्या स्वयंसेविका जाऊ लागल्या, स्वतः रमाबाई सोबत. १९१३ च्या दुष्काळात त्या गुजरात-काठेवाडात मदतीला गेल्या. पुण्यात मुलांना सक्तीचं प्राथमिक शिक्षण द्यायचं घाटत होतं, तेव्हा मुलींनाही ते हवं म्हणून १९२० मध्ये त्यांनी बायकांना रस्त्यावर आणलं. बायकांना मताचा हक्क हवा म्हणून त्या झगडल्या. १९२४ साली त्या गेल्या, तोवर पुण्याच्या सेवासदनातून हजारावर बायका शिकून बाहेर पडल्या होत्या. १९६२ साली जन्मशताब्दीला टपाल खात्यानं त्यांचं तिकीट काढलं. सेवासदन आजही आहे.

त्या पहिल्या मुलींपैकी कोणी ससूनच्या ऑपरेशनच्या खोलीत उभी राहिली असेल, तेव्हा तिथं आजच्यासारखी यंत्रं नव्हती. भूल म्हणजे नाकावर जाळी धरून थेंबथेंब क्लोरोफॉर्म. हत्यारं उकळायची, हात कार्बोलिकसारख्या जहाल औषधानं धुवायचे. त्या औषधांनी कातडी सोलून निघायची. अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात कॅरोलाइन हॅम्प्टन नावाची सिस्टर होती. तिचे हात असेच सोलून निघाले, तेव्हा तिथले सर्जन हॉलस्टेड यांनी १८८९-९० च्या सुमारास तिच्यासाठी पातळ रबराचे हातमोजे करवून घेतले. पुढं त्यांनी तिच्याशी लग्नही केलं. आज जगातला प्रत्येक सर्जन जे मोजे चढवतो ते मुळात एका सिस्टरच्या भाजलेल्या हातांसाठी आले, ही गोष्ट मला ऑपरेशनच्या आधी माहीत असती तर तिथंच सांगितली असती!

तिसऱ्या दिवशी ती मोजणारी सिस्टर मला बघायला वॉर्डात आली. मी तिला बसवून घेतलं आणि सगळं विचारलं. आपल्याला आपलं वाटतं, सिस्टर म्हणजे डॉक्टरांच्या हातात कात्री देणारी. तिचं काम आदल्या दिवशीच सुरू होतं. उद्या कोणाचं काय ऑपरेशन, कुठली हत्यारं लागतील, ती धुऊन, पुसून, कापडात बांधून ऑटोक्लेव्हमध्ये लावायची. ते म्हणजे आपल्या कुकरचंच मोठं भावंड, पण आतली वाफ १२१ अंशांपर्यंत नेतात आणि ठरलेला वेळ धरून ठेवतात. बांधलेल्या गाठोड्यावरच्या पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या तरच उघडायचं. रेघ नाही तर गाठोडं परत.

ऑपरेशनच्या वेळी दोघी हव्यात. एकीनं कोपरापर्यंत हात घासून, गाऊन-मोजे घालून टेबलाशी उभं राहायचं. तिचा हात तिच्या ट्रॉलीखेरीज कुठंही लागता कामा नये, डोक्यावरचे केस सारखे करायलासुद्धा नाही. पुढचं हत्यार कोणतं, हे डॉक्टरनं मागण्याआधी तिला कळलं पाहिजे. दुसरी बाहेरची. ती सामान आणून देते, पेशंटच्या कोपर-टाचांखाली उशा नीट आहेत का बघते, काढलेला तुकडा तपासायला जायचा तर बाटलीवर बरोबर नावाची चिठ्ठी लावते. ती चिठ्ठी चुकली तर एकीचा कॅन्सर दुसरीच्या नावावर जाईल. आणि मोजणं दोघींचं. सुई, गॉज, मॉप, हत्यारं. सुरुवातीला, पोट शिवण्याआधी आणि शेवटी. जुळलं नाही तर थांबायचं, शोधायचं, तरी नाही सापडलं तर एक्स-रे काढायचा. मॉपमध्ये एक धागा असा विणलेला असतो की तो एक्स-रेत दिसतो. मला दोनदोनदा नाव विचारत होत्या त्यालाही कारण होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २००८ साली ऑपरेशनसाठी १९ मुद्द्यांची यादी काढली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी, अशी तीनदा थांबून ती मोठ्यानं वाचायची. चिरा देण्याआधी खोलीतल्या प्रत्येकानं स्वतःचं नाव आणि काम सांगायचं, हाही त्यातलाच एक मुद्दा. का? तर ज्यानं सुरुवातीला एकदा तोंड उघडलं, तो पुढं चूक दिसली तर बोलायला कचरत नाही. सिस्टरला डॉक्टरांपुढं बोलायचं बळ यावं म्हणून जगानं एवढा विचार केला!

मी तिला विचारलं, डॉक्टरांना थांबवताना भीती नाही वाटली? ती हसली. पहिल्या वर्षी वाटायची, म्हणाली. आता नाही.

ती शिंदखेडा तालुक्यातल्या एका खेड्यातली. बारावीनंतर तीन वर्षांचा जीएनएम केलेला, कौन्सिलची नोंदणी असलेली. बापाची कोरडवाहू कापसाची शेती. तिच्या पगारावर धाकट्या भावाचं शिक्षण झालं. आणि तिच्या सासरी नातेवाइकांत काय सांगतात माहीत आहे? सून दवाखान्यात ऑफिसात आहे म्हणून. ऑपरेशन थिएटर हा शब्द लग्नकार्यात कोणी काढत नाही.

मैत्रिणींनो, इथं मला माझंही एक सांगायला हवं. २००८ साली माझ्या नणंदेच्या मुलीला नाशिकला नर्सिंगला प्रवेश मिळत होता. घरात शिकलेली मामी म्हणून मला विचारलं गेलं. मी बीए झालेली, मंडळाची कामं करणारी, भाषणांत सावित्रीबाईंचं नाव घेणारी. आणि मी काय सांगितलं? रात्रीच्या ड्युट्या असतात, लग्न जमवताना अडचण येईल, त्यापेक्षा डीएड करू दे. तिनं मुकाट्यानं डीएड केलं. पुढं भरतीच बंद पडली. आज ती तालुक्याच्या एका खाजगी शाळेत इतक्या थोड्या पगारावर शिकवते की आकडा लिहायला मला लाज वाटते. तिनं मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. रमाबाईंनी ज्या बायकांची बोलणी खाल्ली, त्या बायकांच्या रांगेत मी शंभर वर्षांनी जाऊन उभी राहिले होते, हे मला त्या खाटेवर पुस्तक वाचताना कळलं.

दवाखान्यातून घरी आल्यावर मी तिला फोन केला आणि ते बोलून टाकलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिनं विचारलं, तिच्या शेजारच्या घरातली मुलगी यंदा बारावीला आहे, जीएनएमची माहिती कुठं मिळेल. मी तिला सांगितलं, की आधी कॉलेज कौन्सिलच्या मान्यतेचं आहे का ते बघा, नुसत्या पाटीवर जाऊ नका. दवाखान्यात राबवून घेऊन सहा महिन्यांत कसलातरी कागद हातात देणारे आपल्या भागातही आहेत. अशा मुलीला पुढं सरकारी नोकरी नाही आणि तिच्या हाताखाली टेबलावर झोपणाऱ्या बाईलाही आधार नाही. दोन वर्षांचं एएनएम, तीन वर्षांचं जीएनएम किंवा चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग, यातलं काही तरी नीट करावं. धुळ्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहेच, २०१८ पासून जळगावलाही आहे. मुलींना फार लांब जायची गरज उरलेली नाही.

यंदा संक्रांतीला आमच्या मंडळानं हळदीकुंकवाऐवजी तिळगूळ समारंभ ठेवला, म्हणजे कुणालाही येता यावं. गावातल्या दवाखान्यांतल्या ऑपरेशन थिएटरमध्ये काम करणाऱ्या चार सिस्टरांना बोलावलं होतं. आधी कोणी यायला तयार होईना, आमच्या बायकाही जरा कुजबुजल्या. शेवटी तीन आल्या. त्यांतल्या एकीनं रिकाम्या डब्यात रुमाल टाकून मोजणं करून दाखवलं, तर बायका खुर्च्या पुढे ओढून बसल्या. चौथी माझीच सिस्टर. निघता निघता तिला सिझेरियनसाठी बोलावणं आलं आणि तिचा फोन आला, की काकू, वाण ठेवून द्या. स्टीलचा डबा आणि तिळाच्या वड्या अजून माझ्या कपाटात आहेत. उद्या तिची दिवसाची ड्युटी आहे, दुपारी जाऊन देऊन येणार आहे.